रंगाखाली दडपलेलं तांबं

मी बोलतोय, प्रयोगशाळेतला तांब्याचा पोकळ गोल. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका, माझं डोकं फिरलंय.

तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि वर एक भोक ठेवलं. त्यातून दोऱ्याला टांगलेली प्रभारित गोळी आत सोडतात. ती मला शिवतसुद्धा नाही. तरी माझ्या आतल्या अंगावर उलटा प्रभार जमतो, बाहेरच्या अंगावर गोळीसारखाच. मग मला जोडलेल्या, प्रभार दाखवणाऱ्या विद्युतदर्शीची धातूची पातळ पानं फाकतात. अर्थिंगची तार लावली, की बाहेरचा प्रभार जमिनीत जातो आणि पानं मिटतात. आतला मात्र हलत नाही, गोळीनं त्याला धरून ठेवलेलं असतं.

यंदा तपासणीला पाहुणे येणार म्हणून विभागप्रमुखांनी मला जाड, चकचकीत रंग फासला. तार लावायच्या जागेवरसुद्धा!

मग परीक्षा आली. सारखे प्रश्न विचारते म्हणून प्रमुख जिला 'भांडखोर' म्हणत, ती मुलगी माझ्यापुढे उभी राहिली. एकदा नापास झालेली. पुन्हा झाली असती तर घरचे शिक्षणच बंद करणार होते.

तिनं गोळी सोडली, पानं फाकली. तार लावली. पानं तशीच!

"बाहेर प्रभार उरत नाही म्हणालीस ना?" बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं. "मग हे काय?"

"अभ्यास नाही, दुसरं काय!" प्रमुख हसले.

माझ्याच अंगावर खोटं उमटत होतं, आणि मला वाचा नव्हती!

मुलीनं वाकून तारेखाली नख घासलं. "बाई, तार तांब्याला लागतच नाहीये. नुसती रंगावर टेकलीय."

गोळी काढून ती कंपासच्या टोकानं रंग खरवडू लागली.

"ए! कॉलेजची वस्तू आहे ती!" प्रमुख कडाडले.

"खरवडू द्या तिला," बाई म्हणाल्या.

पुन्हा गोळी आत. पानं फाकली. तार उघड्या तांब्याला टेकली मात्र, पानं झटकन मिटली. बाईंनी तिला पास केलं.

आणि प्रमुख? चूक कबूल करतील तर शपथ! वस्तूची नासधूस केली म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत तिलाच माफी मागायला लावली. त्यांच्याकडे न बघता ती माझ्याकडे वळली.

"माफ कर रे गोलोबा. दुखलं का?"

नाही गं पोरी. त्या खरवडण्यानं नाही दुखलं.

आता मी कपाटावर धूळ खातोय. मला शोभेचा करू नका. तारेपुरतं अंग उघडं ठेवा आणि मला जमिनीशी जोडा. मग जे खरं आहे तेच दाखवीन, कुणाला आवडो न आवडो.