कोडसाठी उसना कान

नेमका त्याच सकाळी पत्रेवाल्या काकांचा फोन सिमसकट गटारात गेला. दहा वाजता परगावी लेकीला बाळंतपणाच्या ऑपरेशनसाठी आत नेणार होते आणि जावई मेसेज करणार होता. काकांना मेसेजच लागायचा. तीस वर्षं पत्रे ठोकून त्यांच्या कानांनी केव्हाच हात टेकले होते.

आता साडेअकरा वाजले होते. नवा फोन, त्याच नंबरचं नवं सिम, आणि मोबाइलच्या दुकानात काउंटरला खेटून उभे काका. जीव नुसता टांगणीला लागलेला. नव्या सिमवर साधे मेसेज उद्यापर्यंत बंद, असं दुकानवाल्या बाईने कागदावर लिहून दाखवलं होतं. सगळी भिस्त नेटवर, आणि नेट काही केल्या लागत नव्हतं.

तेवढ्यात फोन थरथरला. नंबर जावयाचा!

"मी घेऊ का?" बाईने खुणेने विचारलं.

"अजिबात नको!" काका खेकसले. बायको दवाखान्यात वारली तेव्हा शेजाऱ्याने असाच फोन घेतला होता आणि 'वहिनी बऱ्या आहेत' असं लिहून दिलं होतं. चांगुलपणाच तो, पण त्यापायी काका दोन तास निवांत पेपर वाचत बसले होते. ते त्यांनी आजवर कुणाला माफ केलं नव्हतं, स्वतःलाही नाही. "मला जावयाने लिहिलेलं हवंय. मधे कुणी नको."

फोन थांबला, पुन्हा आला, पुन्हा थांबला. बहिऱ्या सासऱ्याला फोन लावण्याइतकं जावयाचं डोकं फिरायला तिथे झालं तरी काय?

बाईने सेटिंगमधलं सगळं पुसून नव्याने भरलं, तेव्हा कुठे नेट लागलं. मेसेजच्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकला. अ‍ॅप म्हणालं, मेसेजने कोड पाठवतो. पण मेसेज तर बंद! मग दुसरा पर्याय आला: फोन करून कोड सांगतो. घ्या! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण इलाज नव्हता.

"फक्त आकडे ऐका," त्यांनी फोन बाईच्या हाती दिला.

फोन थरथरला. बाईने घाईघाईत कानाला लावला, पेन सरसावलं, आणि तिचा हात तसाच थांबला. तिचे डोळे भरून आले. आकड्यांनी कुणाचे डोळे भरत नाहीत, एवढं काकांना कळत होतं.

"खरं लिहा," काका म्हणाले. "काय असेल ते, पण खरं लिहा."

बाईने लिहिलं. काकांनी कागद ओढून घेतला.

'जावयांच्या फोनवरून तुमची लेक बोलतेय. मुलगा झाला, बाळ छान आहे. ती अजून भुलीच्या गुंगीत आहे, असं मागून जावई सांगतायत. तुम्हाला ऐकू येत नाही, हे विसरलीय. बाबा रागावलेत म्हणून फोन घेत नाहीत, असं म्हणून सारखी रडतेय.'

काकांनी हात पुढे करून फोन मागून घेतला आणि कित्येक वर्षांनी कानाला लावला. पलीकडच्याला बोलू द्यावं तेवढा वेळ ते थांबले.

"नाही गं बाळा, रागावलो नाही," ते म्हणाले. "बोल तू. ऐकतोय मी."