रिकामी उचललेली किटली

अहो, इकडे बघा, शेगडीवर! मी किटली बोलतेय. पिवळीधमक, गोलमटोल. दुकानात मी कधी गेलेच नाही, कारण मी विकायची नव्हतेच मुळी. मी नमुना! मला दोन मुठी, आलटून पालटून बसवायच्या. एक बारीक, नाजूक. दुसरी जाडजूड, रबराची.

जाड मूठ आमच्या कारागिरानं हट्टानं केलेली. त्याच्या आईची बोटं आखडलेली. चहा करायची भारी हौस, पण भरलेली किटली हातातून निसटायची, म्हणून बिचारीनं चहा करणंच सोडलं होतं. कारखान्याच्या मालकांची मात्र अट होती: लोक निवडतील तीच मूठ ठेवायची, दुसरी भंगारात.

लोकांची आवड मोजायला एक ताई आल्या. नुसतं "काय हवं?" विचारलं की माणसं म्हणतात, "सगळंच!" म्हणून ताई पेचात टाकायच्या. "बारीक मूठ आणि लहान पोट, की जाड मूठ आणि मोठं पोट? बोला, काय सोडाल?" एका नवरा-बायकोची तर माझ्यासमोरच जुंपली. मला बाई फार मजा यायची.

पण जो तो मला उचलायचा आणि बारीक मुठीवर भाळायचा. ताईंनी आकडे मांडले. जाड मूठ हरली. कारागिराचा चेहरा पडला. मलाही रडू आलं असतं, पण पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

"चहा तरी घेऊन जा," असं कारागिराला म्हणत ताईंनी मला पहिल्यांदाच काठोकाठ भरलं, उकळलं आणि बारीक मुठीनं उचललं मात्र...

"अगं बाई! बोटात रुततंय की हे!"

मला दणकन खाली ठेवून ताई कारागिराकडे वळल्या. "अहो, आपण सगळ्यांना रिकामीच उचलायला दिली!"

झालं, सगळ्यांना पुन्हा बोलावलं. या खेपेला मी पाण्यानं भरलेली. जाड मुठीनं बाजी मारली! तशा किटल्या आता दुकानोदुकानी आहेत आणि मी कारागिराच्या घरी.

कुणी तुमची आवड विचारली ना, तर आधी म्हणा, "भरून द्या, मग सांगतो."

परवा आईंनी मला एका हातानं उचललं. लेक मदतीला धावला, तर म्हणाल्या, "गप बस तू. आज चहा मी देणार." कप भरला, थेंबही सांडला नाही. मग मला निरखत म्हणाल्या, "मूठ झकास आहे रे. पण हा पिवळा रंग कुणाला विचारून दिलास?"

मी निमूट ऐकून घेतलं. त्यांच्या हातात होते ना मी!