दोन्हीकडचा दशरथ

घाटकोपरच्या भटवाडीत दशरथ परबच्या चाळीत दर शनिवारी भजन असे आणि पखवाजावर तोच बसे. मूळचा मालवणकडचा, टपाल खात्यातून निवृत्त झालेला. रविवारी सकाळी मात्र तो शेजाऱ्यांना भाजी आणतो असं सांगून विक्रोळीला जायचा. तिथे एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना चाले. येताना तो खरंच भाजी आणायचा.

सुरुवात बायकोच्या आजारपणात झाली. अनुपमा इस्पितळात असताना शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला एक पाळक येत. जाताना ते अनुपमापाशी थांबून विचारत, "वहिनी, तुमच्यासाठीही प्रार्थना करू?" अनुपमा वाचली नाही. पण ती गेल्यावर रिकाम्या खोलीत दशरथला वाटायचं, आपल्यासोबत आणखी कोणीतरी रडतंय. पाळक ज्याच्याकडे प्रार्थना करायचे तो येशूच हा असावा, असं वाटून तो त्यांच्या मंडळीत विक्रोळीला गेला आणि जातच राहिला.

काही वर्षांनी त्याने पाळकांना म्हटलं, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय. पण चाळीत कळायला नको."

"घाई नाही, परबकाका," पाळक म्हणाले. "पण लपवून घेऊ नका. आधी आपल्या माणसांना सांगा. नाही घेतलात तरी तुम्ही आमचेच."

पुढच्या शनिवारी पखवाजाला कणीक लावताना दशरथचे हात जड झाले. समोरची माणसं मनापासून गात होती आणि तो नुसता ताल धरत होता. त्यांच्या भक्तीशी ही लबाडी होती, आणि तिकडेही लबाडीच. आरती झाल्यावर त्याने सगळ्यांना सांगून टाकलं.

पेटी वाजवणारा शिवदास त्याचा तरुणपणापासूनचा दोस्त. तो म्हणाला, "अरे, मग जा ना तिकडे! कोण अडवतोय? शनिवारी इथे वाजव. देव काय हजेरी घेतो?"

"देवाचं नाही रे, माझंच जमत नाही. दोन्हीकडे अर्धाच बसतो मी. आता पुरतं येशूचं व्हायचंय."

"आणि आम्ही कोणाचे?"

दशरथ पखवाजाची कणीक खरवडत राहिला. कोणी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या चपला शोधून निघून गेले.

मुलुंडहून मुलाचा, प्रीतमचा, फोन आला. "बाबा, एकटं वाटत होतं तर माझ्याकडे यायचं ना."

"एकटेपणामुळे नाही रे. तो मला खरा वाटतो."

प्रीतम म्हणाला, "यंदा गणपतीला गावी येऊ नका. काका काहीतरी बोलतील, मला ऐकवणार नाही."

बाप्तिस्म्याच्या दिवशी दशरथ ओल्या अंगाने पाण्यातून वर आला. मंडळीने टाळ्या वाजवल्या, कोणीतरी टॉवेल दिला. त्याची नजर दाराकडे गेली. दारात त्याचं कोणी नव्हतं. तरी आत खोलवर काहीतरी शांत झालं होतं, ते त्याला खोटं म्हणता येईना.

गणपतीला चाळ कोकणात गेली. निघताना शिवदास बॅगा घेऊन दशरथच्या दारात थांबला. दशरथने भजन सोडल्यापासून दोघं धड बोलले नव्हते.

"माझ्या तुळशीला पाणी घालशील?"

"घालीन."

"दार नीट लाव. चाळीत कोण नाय." किल्ली हातात ठेवून तो भराभर जिना उतरला. दशरथला काही म्हणायचं होतं, पण तोवर रिक्षा सुटली.

संध्याकाळी त्याने तुळशीला पाणी घातलं आणि गॅलरीत स्टुलावर बसला. सगळ्या दारांना कुलपं. कुठल्यातरी मंडळाच्या लाउडस्पीकरवर आरती सुरू होती, आणि त्याला गावचं घर, भाऊ, मखर, सगळं एकदम आठवलं. जायला हवं होतं, असं मात्र वाटलं नाही.

त्याने हात जोडले. ऐकायला कोणीच नव्हतं म्हणून तो मोठ्याने बोलला. आधी शिवदासचं नाव घेतलं, मग प्रीतमचं. स्वतःसाठी काय मागावं ते त्याला कळेना. मग तो नुसताच बसून राहिला.