जिथल्या तिथे

आमच्या दादाच्या घरात वस्तू हरवत नाहीत. कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्याने तीस वर्षं नटबोल्ट सांभाळले आणि निवृत्त झाल्यावर तीच शिस्त घरी आणली. कात्री वापरली की जिथल्या तिथे. चष्मा, किल्ली, दारातल्या चपला, सगळं जिथल्या तिथे. जागची हलली ती फक्त त्याची मुलगी. ऑफिसातली बरी नोकरी सोडून ती घरी कॉम्प्युटरवर खेळू लागली, स्पर्धांसाठी. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. दोन महिने झाले. मधलं टपाल खातं म्हणजे मी, तिची आत्या.

त्या दुपारी अडीचला भिंगरीचा फोन आला. लहानपणापासून एका जागी टिकत नाही म्हणून ती भिंगरी.

"आत्या, दुकान बंद कर आणि आधी इकडे ये. तू काल लावलेलं ग्राफिक्स कार्ड गेलं."

"गेलं म्हणजे? स्क्रीन काळी?"

"स्क्रीन चालू आहे गं, पण खेळ नुसता रडतोय. काल सेकंदाला एकशे वीस फ्रेम येत होत्या, आज बावीस. मी मान वळवेपर्यंत समोरचा मला मारून मोकळा होतो."

चार वाजता तिचा निवडीचा सामना होता. संघात पाचवी जागा रिकामी होती आणि त्या जागेवर एक राखीव मुलगीही डोळा ठेवून होती. प्रशिक्षकाची अट साधी होती: पावणेचारला स्क्रीनवरचा आकडा पाठवायचा, साठच्या खाली असेल तर राखीव मुलगी खेळणार. पुढची निवड थेट वर्षाने. आणि दादाने माझ्यामार्फत आधीच कळवलं होतं की या महिन्यात काही झालं नाही तर पुन्हा नोकरी धरायची.

बावीस वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्त करतेय. माझ्या हातची जोडणी दुसऱ्या दिवशी बोंबलते, हे मला कुणी सांगितलेलं खपत नाही. दहा मिनिटांत पोचले ते तणतणतच. दार दादाने उघडलं. हातात पुसायचं फडकं. "ती आत आहे," एवढं बोलून बाजूला झाला.

भिंगरी खुर्चीत नखं खात बसली होती. मी तिला उठवलं आणि कामाला लागले. आधी संशय घेतला कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅमवर. तो काढला, नवा उतरवून घेतला, पुन्हा घातला. अर्धा तास गेला. आकडा तेवीस.

"एक वाढला," भिंगरी म्हणाली. हसली नाही.

मग खेळाच्या सेटिंग बघितल्या. मग वीज वाचवायची सोय चुकून चालू आहे का ते बघितलं. नव्हती. साडेतीनला सात मिनिटं कमी. टेबलाखालच्या कप्प्यातून कॉम्प्युटरचं कॅबिनेट थोडं पुढे ओढलं, बंद केलं, बाजूचा पत्रा काढला. कार्डाला वीज देणारी वायर दाबून बघितली, घट्ट होती. पुन्हा चालू केलं. बावीस. साप साप म्हणून भुई धोपटत होते मी, आणि साप कुठे बसलाय ते कळत नव्हतं.

"आत्या," भिंगरी हळूच म्हणाली, "बाबांनी काही केलं असेल?"

"वेडी आहेस का?"

"त्यांना हवंच आहे हे. आज मी हरले की सोमवारी नोकरीचे अर्ज."

"तोंड आवर." मी खेकसले. हे हिच्या मनात एकदा बसलं की मग हे घर पुन्हा जुळायचं नाही.

तीन छत्तीस. खेळ चालू असताना वाकून आत बघितलं, तर कार्डाचे पंखे थांबलेले. घाम पुसला आणि कार्डाला बोट लावलं. थंडगार. एवढा खेळ ओढणारं कार्ड तापायला हवं होतं. हे कार्ड काम करत नव्हतं असं नाही, त्याला कुणी काम सांगितलंच नव्हतं.

मोबाईलचा उजेड लावून टेबलामागे डोकं घातलं. बघितलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. स्क्रीनची वायर कार्डात नव्हतीच. ती वरच्या जुन्या खाचेत होती, कार्ड यायच्या आधी असायची तिथे. नवं कार्ड एका बाजूला झोपलेलं आणि जुनी यंत्रणा एकटी गाडा ओढत होती. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आधी वायर बघा. इथे वायर मीच लावली होती, म्हणून बघितली नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

पण काल मी ती बरोबर लावली होती. मग दिसलं की मागे धुळीचा कणही नाही, आणि सगळ्या वायरी सारख्या अंतरावर सुतळीने बांधलेल्या. असं या घरात एकच माणूस बांधतो.

वायर काढून कार्डात खोचली. बाहेर आले तेव्हा काय बोलायचं ते ठरलं होतं.

"माझी चूक. काल घाईत वायर भलत्याच खाचेत लावली मी."

भिंगरीने खेळ पुन्हा उघडता उघडता माझ्याकडे बघितलं. "काल तूच तर एकशे वीस दाखवलेस."

बावीस वर्षांत पहिल्यांदा चूक कबूल केली, तीही पचली नाही. ती खाली वाकली. तिला सुतळी दिसली.

"वायर मी लावली," दारातून आवाज आला. दादा होता. दोन महिन्यांत लेकीशी बोललेलं पहिलं वाक्य. "सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा. आज तुझा सामना, म्हटलं टेबल तरी स्वच्छ असावं. वायर काढली, पुसली, परत लावली. पाच वर्षं होती तिथेच. जिथल्या तिथे." फडकं हातात पिळत होता. "मला काय ठाऊक, तिची जागा बदललीय."

भिंगरी सरळ झाली आणि स्क्रीनकडे वळली. तीन त्रेचाळीस. स्क्रीनवर आकडा आला. एकतीस, अठ्ठ्याऐंशी, एकशे अठरा. तिने फोटो काढून पाठवला. प्रशिक्षकाचं उत्तर आलं, "खेळायला बस."

तिने हेडफोन उचलले. कानाला लावता लावता, मागे न बघता म्हणाली, "बाबा, पाणी आणून द्याल?"

दादा धावला. ग्लास घेऊन तिच्या मागे उभा राहिला. "कुठे ठेवू?"

"कुठेही ठेवा."

त्याला ते जमेना. टेबल त्यानेच पुसलेलं, पण त्यावर ग्लासाची जागा ठरलेली नव्हती. चाळीस मिनिटं तो ग्लास हातात धरून उभा राहिला. मी खुर्ची सरकवली तर मलाच डोळ्यांनी गप्प केलं. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण ती पुढे झुकली की हाही झुकत होता.

सामना संपला. भिंगरी बराच वेळ कानातलं ऐकत राहिली. मग हेडफोन काढले आणि खुर्ची वळवली.

"बाबा, घेतलं मला."

दादाने ग्लास पुढे केला. तिने तो एका दमात रिकामा केला आणि टेबलाच्या अगदी कडेवर, कसाही ठेवून दिला.

दादाने तो उचलला नाही.