पाय थांबले की गाणं बदलायचं

वरातीत माझ्या पप्पांचा एकच कायदा होता: पाय थांबले की गाणं बदलायचं. नवरदेव घोड्यावर पेंगत असो, व्याही भांडत असोत, पप्पांची नजर लोकांच्या चपलांवर. अकलूजपासून मोडनिंबपर्यंत कितीतरी वराती त्यांनी सॅक्सोफोनच्या जोरावर मांडवापर्यंत ढकलत नेल्या. नागनाथ मास्तरांचा बँड म्हटलं की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून उतरायच्या. पण ऐकायचं कुणी नाही. नाचणारा माणूस कशाला ऐकेल? पप्पा जीव ओतून एखादी जागा घ्यायचे आणि नवऱ्याचा मामा त्यांच्या कानाशी ओरडायचा, "ओ मास्तर, जोरात!"

त्या मामाच्या डोक्यात ढोलाची काठी घालावी, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

पुढे पुण्यात नोकरी करता करता मी पियानो शिकले आणि जाझच्या नादी लागले. त्यात चाल थोडीशी ठरलेली असते, बाकीचं वाजवणाऱ्याने तिथल्या तिथे रचायचं. पप्पा वरातीत तेच करायचे, फक्त पळत पळत. मला मात्र जाझमधली सगळ्यात मोठी गोष्ट वाटली ती म्हणजे लोक खुर्चीत बसून ऐकतात. डॉल्बीने बँडचं काम पळवलं, पप्पा घरी बसले, तेव्हा मी ठरवलं, एकदा तरी या माणसाचं कुणीतरी बसून ऐकलं पाहिजे.

सुट्टी काढून सोलापूरला आले. पप्पांना खुर्चीत बसवणं हेच पहिलं दिव्य. "बसून दम कुटं लागतोय, संघू? पायात चाल असती," असं म्हणून ते वाजवता वाजवता स्वयंपाकघरात पोचायचे आणि आई त्यांना परत हाकलायची. शेवटी बसले. आई मला झोपवताना जी चाल गुणगुणायची, ती आम्ही घेतली. मी पियानोवर हळूहळू सूर टाकायचे आणि पप्पा त्यावरून असे काही फिरायचे की माझेच हात थबकायचे.

शहरातल्या रसिक मंडळाचे सेक्रेटरी ईरप्पाकाका टॉवेलचे व्यापारी. त्यांनी विचारलं, "जाझ म्हणजे लोकांना कळलं नाही तरी चालतं, असलंच ना? मग ठेवू या की!" मी एकच अट घातली. पूर्ण शांतता हवी. काकांनी ती इतकी मनावर घेतली की माईकवरून पुन्हा पुन्हा दम दिला. खोकणाऱ्या एका गृहस्थांना तर त्यांनी स्वतः दंडाला धरून बाहेर नेलं.

आईची चाल सुरू झाली आणि पप्पा त्या संध्याकाळी जे वाजवत होते, ते मी त्यांच्याकडूनही कधी ऐकलं नव्हतं. सभागृह गप्प. पहिल्या रांगेतली एक बाई डोळ्याला पदर लावून बसली होती. हेच मला हवं होतं. मी सुखाने पप्पांकडे पाहिलं, तर त्यांचे कान लाल झालेले आणि नजर पहिल्या रांगेतल्या चपलांवर. एकही चप्पल हलत नव्हती.

मी मानेनेच "नको, नको" म्हटलं. त्यांना वाटलं, ही चाल नको, गाणं बदला, असंच मीसुद्धा सांगतेय. ते ताडकन उठले, खुर्ची मागे पडली आणि वरातीचा हुकमी ठेका सुरू झाला. लोक क्षणभर बावचळले, मग सगळं सभागृह उठलं. सगळ्यात पुढे ईरप्पाकाका, हातरुमाल फिरवत. मी काय करणार? दातओठ खात साथ केली. कार्यक्रम तुफान झाला, असं सगळे म्हणाले.

"लई दगड पब्लिक व्हतं," सकाळी चहा बशीत ओतत पप्पा म्हणाले. "पर उटवलं की न्हाय?"

माझं डोकं सटकलं. "पप्पा, ते ऐकत होते!"

"आयकत व्हते? मग हलले का न्हाईत?"

"ऐकत होते म्हणूनच हलले नाहीत!"

बशी त्यांच्या हातातच राहिली. "मला काय म्हाईत," ते हळूच म्हणाले. "आजवर कुणी आयकलंच न्हाय की."

माझा सगळा राग गळून गेला. फार वाईट वाटलं. मी सॅक्सोफोन त्यांच्या हातात दिला. "आता वाजवा. मी ऐकते."

समोर मांडी घालून, हाताची घडी करून, शहाण्यासारखी बसले. त्यांनी आईची चाल धरली. कालच्याहून सुंदर. थोड्या वेळाने त्यांची नजर माझ्या पावलांवर गेली. सूर डळमळला. त्यांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि विचारलं, "न्हाय आवडलं, व्हय?"

मी उठले, ओढणी कमरेला बांधली आणि त्या संथ, रडवणाऱ्या चालीवर नवऱ्याच्या मामासारखी नाचायला लागले. पप्पांचा चेहरा खुलला. त्या दिवशी त्यांनी ती चाल पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाजवली.