तीन बोटांची चढण

पुस्तकं दाबायच्या प्रेसमध्ये उजवा हात सापडला, तेव्हापासून धाकटीची अनामिका आणि करंगळी ताठच राहिली होती. बाइंडिंगचं काम तिनं कसंबसं पुन्हा सुरू केलं, पण पियानोकडे पाच महिने ढुंकूनही पाहिलं नाही. थोरली बहीण घरीच पियानो शिकवायची. तिनंही विषय काढला नाही.

एका दुपारी मात्र शिकवणी आटोपल्यावर थोरलीनं पियानोचं झाकण उघडंच ठेवलं.

"ये, बस. बाराही सूर ओळीनं वाजव. काळी-पांढरी, पार उजव्या टोकापर्यंत, एकही पट्टी गाळायची नाही."

"थट्टा करतेस का ताई? तीन बोटांनी?"

"या चढणीला तीनच लागतात गं. मी मी म्हणणाऱ्यांचीसुद्धा उरलेली दोन बोटं रिकामी असतात. कुठलं कुठं ठेवायचं ते तू ठरव."

धाकटी फणकाऱ्यानंच बसली. आधी अंगठा आणि तर्जनी आलटून पालटून लावली. काळ्या पट्टीपर्यंत तर्जनी नेताना मनगट अवघडलं. मग काळ्यांवर मधलं बोट ठेवून पाहिलं. ते लांब, अलगद पोचलं. पांढरीवर अंगठा, काळीवर मधलं बोट, असं छान चाललं होतं, तोच दोन पांढऱ्या लागोपाठ आल्या. अंगठा दोनदा पडला आणि चाल अडखळली.

"आता गं?"

"मला काय विचारतेस?" थोरली खिडकीबाहेर बघत राहिली.

धाकटी जरा घुटमळली. मग दुसऱ्या पांढरीवर तिनं तर्जनी टेकवली. सूर गुळगुळीत पुढे सरकला. पुढे तशीच जोडी आली, तिथंही तर्जनीच.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटले. सूर इतके लगटून येत होते, की एक कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला ते कळेना. खोली, खुर्ची, स्वतःचं वजन, सगळं हळूहळू सुटत गेलं. कुणीतरी हाताला धरून उन्हातून वर वर नेत असावं, आणि आपण काही न विचारता जात असावं, असं तिला वाटलं. ताठ बोटं हवेत नुसती तरंगत होती. कितीतरी दिवसांनी तिला त्यांची लाज वाटली नाही.

शेवटची पट्टी वाजली. पुढे नुसतं लाकूड.

"आता उतर खाली, एकेक सूर," थोरली हळूच म्हणाली.

"थांब ना जरा," धाकटी डोळे न उघडताच म्हणाली. "इथं बरं वाटतंय."