माझ्या डोक्यात बुटाचे खोके

मी एक जुने डिझेल इंजिन आहे, आणि मित्रांनो, आज मी माझे गुणगान सांगायला बसलेलो नाही. माझी तक्रार आहे. ऐकून घेणार असाल तर बसा, नाहीतर आपापल्या कामाला लागा. ऐकून न घेणाऱ्यांची मला सवय आहे.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, थंड केले, घासले आणि मी आकाराला आलो. तेव्हा माझ्या प्रत्येक सांध्यात मापाचे गॅसकेट बसवले होते. गॅसकेट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची कुणाला किंमत नसते. लोखंडाचे दोन भाग कितीही आवळा, त्यांच्यामध्ये केसाएवढी फट राहतेच. तिच्यातून तेल गळते, पाणी झिरपते, वाफ निसटते. म्हणून दोन भागांच्या मध्ये एक पातळ पदर घालतात. तेच गॅसकेट. एखाद्या झाकणाखाली जाड कागदाचे चालते, कुठे बुचाचे लागते. पण माझ्या डोक्याखाली, ज्याला कारागीर हेड म्हणतात त्याच्याखाली, भक्कमच काहीतरी हवे. कारण तिथे मी चालत असताना एकामागून एक स्फोट होत असतात. स्फोट! हा शब्द लक्षात ठेवा. खटपट्याच्या तो कधीच लक्षात राहिला नाही.

खटपट्या म्हणजे माझा चालक. तो आणि त्याची थोरली बहीण मिळून अंडी उबवून पिल्ले विकण्याचा व्यवसाय करत. घराच्या मागे एक लांबट पत्र्याची शेड होती. एका टोकाला उबवणीचे कपाट, दुसऱ्या टोकाला मी. अंडी, कोंबड्या, पिल्ले हे सगळे ताई बघायची. विजेचे आणि यंत्राचे काम भावाकडे. वीज गेली की मी चालायचो, माझ्या पट्ट्याने जनित्र फिरायचे, आणि त्या विजेवर कपाट ऊबदार राहायचे. सुरुवातीला माझा काय थाट होता! ताई येता-जाता मला फडक्याने पुसायची आणि पाहुण्यांना सांगायची, "हे आहे म्हणून आमचं चाललंय."

पुढे माझी मूळची गॅसकेटे झिजली. खटपट्या बाजारात गेला. दुकानदाराने जुने गॅसकेट बोटाच्या चिमटीत धरून उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "या इंजिनाचं सामान आता संग्रहालयात मिळेल."

तिथून माझे हाल सुरू झाले.

गैरसमज नको. घरी केलेल्या गॅसकेटशी माझे भांडण नाही. माणसाने नीट मनावर घेतले तर ते विकतच्याच्या तोडीचे होते. कागद सांध्यावर ठेवायचा, तेलकट बोटाने कडा दाबत जायचे, छाप उठला की त्यावरून कापायचे. आधी भोके पाडायची, मग बाहेरची कड. इतके सोपे! पण खटपट्याला धीर कुठला? त्याच्या हातात कात्री आली की घरातल्या वस्तू लपवाव्या लागत.

एकदा त्याने माझ्या बाजूच्या झाकणाखाली कॅलेंडरचे पान बसवले. त्या पानावर धबधब्याचे चित्र होते. तेलही तसेच वाहिले. मग आली सायकलची ट्यूब. रबराचे आणि तेलाचे विळ्याभोपळ्याचे नाते, हे मला ठाऊक, त्याला नाही. ती फुगून टम्म झाली आणि सांध्याच्या बाहेर जीभ काढून बसली. पाण्याच्या पंपासाठी त्याने ताईच्या चामडी पिशवीचा तळ कापला. ते मात्र उत्तम टिकले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण ताई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

आणि जुने खरवडून काढणे? छे! भिंतीवर पोस्टरवर पोस्टर चिकटवतात, तसा तो जुन्या चोथ्यावर नवा तुकडा दाबायचा. माझ्या डोक्याखाली तर त्याने भंगारातून आणलेले जाड शीट कापून घातले होते. त्याला मधोमध घडी पडलेली होती. मी घरघरलो, धूर सोडला, हँडल उलटे मारले. तो म्हणाला, "म्हातारं झालंय बिचारं, कुरकुर करणारच."

म्हातारा मी! आणि घडी कुणाची?

अशातच ते संकट आले. ताईकडे ठिपक्यांच्या कोंबड्यांचा एक कळप होता. शांत, खुडूक बसल्या की हलायचे नाव न घेणाऱ्या. चांगल्यातून चांगली निवडत ताईने कितीतरी वर्षे तो वंश जपला होता. एका पहाटे भटकी कुत्री जाळी फाडून आत शिरली आणि एकही कोंबडी उरली नाही. ती जाळी एका कोपऱ्यात सुतळीने बांधलेली होती. कुणी बांधली होती, ते मी सांगायला नको.

ताई रडली नाही, ओरडली नाही. तिने पिसे गोळा केली, जमीन धुतली आणि कपाट उघडून पाहिले. त्या कोंबड्यांची अंडी आत होती. तेवढाच वंश आता शिल्लक. खटपट्या दाराशी उभा होता. "ताई..." एवढेच म्हणाला. ती म्हणाली, "आता कपाट थंड पडू देऊ नकोस. बाकी मला काही नको."

अंड्यांतून टकटक सुरू झाली, त्याच दिवशी दुपारी वीज गेली. खटपट्या धावत वायरमनकडे जाऊन आला. "ट्रान्सफॉर्मर जळालाय. उद्या संध्याकाळपर्यंत काही होत नाही म्हणतो."

त्याने मला हँडल मारले. मी जीव तोडून चालू लागलो, मित्रांनो. पण घडी ती घडीच. थोड्याच वेळात फट्कन आवाज झाला, डोक्याखालून वाफेचा फवारा निघाला, आणि माझ्या तेलात पाणी शिरून त्याचा दुधाळ चहा झाला. मी बंद पडलो.

खटपट्याने हेड उतरवले. माझा सांधा अजून तापलेला होता, त्याचे बोट भाजले, तरी तो थांबला नाही. घरात पळाला आणि काय घेऊन आला? बुटाचे खोके! त्याचा पुठ्ठा कापून, वार्निशात बुडवून त्याने माझ्या डोक्याखाली ठेवला. स्फोट, बाबा, स्फोट होतात तिथे! तो पुठ्ठा एका शिंकेपुरता टिकला. मग त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापला. कडा वाकड्या, भोके तिरकी. तो बसेचना.

तिकडे ताईने कपाटात गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, वरून घरातली सगळी पांघरुणे टाकली. मग ती माझ्यापाशी आली आणि फरशीवरचे तुकडे बघत राहिली.

"हे काय आहे?"

"ताई, दुसरं काही मिळेना. हेडला तांबं लागतं. चांगला सपाट, पातळ पत्रा. आता कुठून आणू?"

"न्हाणीघरात आहे की."

"कुठे?"

"बंब. पाणी तापवायचा बंब. तीन हिवाळे सांगतेय, गळतोय, झाळून आण म्हणून. तुला वेळ नव्हता. आता काप."

खटपट्याने कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "आपल्या आईचा आहे तो."

"आईला पिल्लं आवडायची. बंब घासायला कंटाळायची. काप म्हणते ना!"

त्याने बंबाचा पत्रा कापून काढला आणि लाकडी हातोड्याने सपाट केला. पुन्हा कात्री उचलली, तेवढ्यात ताईने त्याचा हात धरला. "थांब. आधी ते खरवड."

"वेळ नाहीये, ताई!"

"चारदा चुकीचं करायला वेळ आहे, एकदा नीट करायला नाही?"

मित्रांनो, हे वाक्य मला कितीतरी वर्षे म्हणायचे होते. मला तोंड नाही, म्हणून राहून गेले.

खटपट्याने बोथट पातीने माझा सांधा खरवडला. वार्निश, पुठ्ठा, शीट, काय काय निघाले! रॉकेलने पुसल्यावर लोखंड चकाकले. इतके हलके मला भट्टीतून आल्यावरच वाटले असेल. ताईने सांध्यावर कागद ठेवला, बोटाला तेल लावले आणि कडेकडेने दाबत गेली. ती शिवणकाम करणारी. छापावरून बेतणे तिच्या हातात होते. "तू काप, मी धरतो," तो म्हणाला.

पुढची गोष्ट मात्र त्यालाच ठाऊक होती. ठोकून तांबे कडक झाले होते. त्याने ते शेगडीच्या निखाऱ्यांवर लाल केले आणि बादलीत बुडवले. चर्र आवाज आला. ताई किंचाळली, "अरे, वाया घालवलंस!" त्याने तो पत्रा तिच्या हातात दिला. चामड्यासारखा मऊ झाला होता. "आता हा दबेल आणि फट भरेल," तो म्हणाला. ताईने पत्रा वाकवून बघितला, मग त्याच्याकडे बघितले. "हे येतं तुला, आणि इतके दिवस कॅलेंडर लावत होतास?"

त्याने पत्रा परत घेऊन सांध्यावर बसवला. उत्तरे माझ्याकडे पुष्कळ होती.

हेड ठेवले. सवयीप्रमाणे त्याने एकच नट पूर्ण आवळायला घेतला. ताई म्हणाली, "भरतकामाची चौकट अशी ताणतात का? एक इकडचा, एक समोरचा. थोडा थोडा." तसेच केले. दुधाळ तेल काढून नवे भरले, पाणी भरले. दिवस मावळत आला होता. खटपट्याने हँडल धरले, पण मारले नाही. वाकून त्याने सांध्यावरून बोट फिरवले, पुन्हा एकेक नट पाहिला. मी त्याला असे करताना पहिल्यांदाच पाहत होतो.

मग त्याने हँडल मारले, आणि मी चाललो. थेंब नाही, वाफ नाही. कपाटातला दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज येईपर्यंत मी थांबलो नाही. काही अंडी गप्पच राहिली. ताई एकेक अंडे कानाशी धरायची आणि हळूच बाजूला ठेवायची. पण दुपारी पहिले ओले पिल्लू बाहेर पडले, मग दुसरे, मग किती तरी. खटपट्या टोपलीपाशी उकिडवा बसला होता. ताईने एक पिल्लू त्याच्या तळहातावर ठेवले. "धर. आणि जाळीला तार लाव. आजच."

त्याने तार लावली. मी ती इथून पाहू शकतो, म्हणून सांगतो.

तर मित्रांनो, एवढेच सांगणे आहे. यंत्राला घरचे जोडकाम चालते, गरिबीतले चालते, जुन्यातून काढलेलेही चालते. फक्त 'चालून जाईल' हे चालत नाही. बसवण्याआधी पुसा. आवळण्याआधी पाहा. आम्ही कुरकुरतो ते वय झाले म्हणून नव्हे. काहीतरी सांगायचे असते म्हणून.

सध्या मला एक नवीच कटकट आहे. त्या पिल्लांतली एक आता मोठी, ठिपक्यांची कोंबडी झाली आहे, आणि अंडी घालायला तिला साऱ्या शेडमध्ये माझ्या पट्ट्याखालचीच जागा आवडते. मी ओरडून सांगू शकत नाही. पण वीज गेली की खटपट्या येतो, हँडल बाजूला ठेवतो, गुडघे टेकून खाली वाकतो आणि म्हणतो, "उठा बाईसाहेब." तिला उचलून ताईकडे नेऊन देतो, आणि मगच मला हात लावतो.